‘ध’चा ‘मा’ कोणी केला?

फ्रेंच दिग्दर्शिका ज्यूस्तीन त्रिये हिच्या ‘अनातोमी द्यून श्यूत’ या चित्रपटास २०२३ च्या मे महिन्यात कान येथील महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि पुढल्या वर्षी मार्चमध्ये त्याच्या पटकथेस ऑस्कर मिळाले. तेव्हापासून आमच्या परिचयातील सुशिक्षित मंडळींकडून त्याविषयी एकच तक्रार आम्ही पुनःपुन्हा ऐकत आलो आहो. अडीच तास खटला चालवला, साक्षीपुरावे झाले, निकालही लागला. परंतु नवऱ्यास बायकोने ढकलले, की तो आपण होऊन पडला, हे शेवटपर्यंत सांगितलेच नाही, मग एवढा खटाटोप कशासाठी? अलिबागेतील एका वकील स्नेह्यांनी तर असा चित्रपट म्हणजे कज्जाची फी घेऊन कैफियत अर्धी लिहिण्यासारखे आहे, असा अभिप्राय दिला. ही मंडळी सामान्य नव्हेत. वाचणारी, विचार करणारी आहेत. तथापि आमचे मत असे आहे की, ही तक्रार त्या चित्रपटाविषयी फारसे काही सांगत नाही, तक्रार करणारांविषयी मात्र बरेच सांगते. किंबहुना मराठी समाजास अडीचशे वर्षे जडलेल्या एका खोडीचे ते लक्षण आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. ग्रनोब्ल शहराजवळच्या डोंगरात, बर्फाने वेढलेल्या एका एकाकी घरात एक कुटुंब राहते. सान्द्रा ही जर्मन कादंबरीकार, सामुएल हा तिचा फ्रेंच नवरा, आणि अपघाताने दृष्टी जवळजवळ गमावलेला त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा डॅनिएल. एके दिवशी मुलगा कुत्र्याला घेऊन फिरून येतो तो बाप घरासमोर बर्फात मरून पडलेला. माळ्यावरून तो पडला हे उघड आहे. डोक्यावरची जखम पडताना झाली की पडण्यापूर्वी कोणी घाव घातला, यावर तज्ज्ञांचे एकमत होत नाही. घरात त्या वेळी दुसरे माणूस एकच, ते म्हणजे बायको. म्हणून खटला तिच्यावर.

खरी गंमत येथून पुढे आहे. सरकारी वकिलापाशी प्रत्यक्ष पुरावा म्हणण्यासारखे फार थोडे आहे. तेव्हा तो घटनेचा खटला सोडून बाईचा खटला चालवू लागतो. ती नवऱ्याहून यशस्वी आहे. तो लिहू इच्छितो आणि त्यास लिहिता येत नाही, हिला मात्र येते. तिचे अन्यत्र संबंध होते. मृत्यूच्या आदल्या दिवशी दोघांचे कडाक्याचे भांडण झाले आणि नवऱ्याने ते चोरून ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. ते भांडण भरकोर्टात सर्वांसमक्ष ऐकवले जाते. एवढ्यानेही भागत नाही, तेव्हा वकील तिच्या कादंबरीतील उतारा वाचून दाखवतो, कारण त्यातील एका पात्राच्या मनात नवऱ्याच्या मरणाचा विचार येतो! जी लिहू शकते ती कल्पू शकते, आणि जी कल्पू शकते ती करू शकते, असे हे तर्कशास्त्र आहे. शेवटी आंधळ्या मुलाची साक्ष होते आणि ती सुटते. परंतु सुटली म्हणजे निर्दोष ठरली की केवळ सुटली, हे दिग्दर्शिकेने प्रेक्षकावर सोडले आहे. फ्रान्समध्ये गंभीर गुन्ह्यांचा निवाडा न्यायाधीश आणि पंच मिळून आपल्या अंतःकरणाच्या खात्रीवर करतात. प्रेक्षकास त्या पंचांच्या बाकावर बसवून त्याची ती खात्री किती भुसभुशीत जमिनीवर उभी असते हे दाखवणे हाच तिचा हेतू आहे, असे आम्हांस वाटते. हा हेतू ज्यास अपुरा वाटतो, त्याला खटला नको असतो, गोष्ट हवी असते. आणि गोष्टीस खलपुरुष, शक्यतो खलस्त्री, लागतेच.

अशी एक गोष्ट आपल्या घरची आहे. आमच्या या किनाऱ्यावर श्रीवर्धनास बाळाजी विश्वनाथांचा पुतळा आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलातील देशमुखी सोडून हे भट घराणे येथूनच घाटावर गेले, आणि पेशवे झाल्यावरही हरिहरेश्वर हेच त्यांचे कुलदैवत राहिले. या घराण्याच्या नातवा-पणतवांच्या पिढीत शनिवारवाड्यात जे घडले ते प्रत्येक मराठी मुलास पाठ आहे. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊर येथे थोरले माधवराव वारले. सतरा वर्षांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी भरदुपारी, पगाराच्या थकबाकीचा गलका करीत वाड्यात घुसलेल्या गारद्यांनी त्यास ठार केले. चुलते रघुनाथराव तेव्हा वाड्यातच नजरकैदेत होते. त्यांनी गारद्यांस लिहून दिलेल्या आज्ञेत ‘नारायणरावास धरावे’ असे होते. त्यांची पत्नी आनंदीबाई हिने त्यातील ‘ध’ चा ‘मा’ केला, आणि ‘धरावे’ चे ‘मारावे’ झाले. एवढी ही गोष्ट. तिच्यावरून भाषेत एक वाक्प्रचार रूढ झाला, आणि वाक्प्रचार रूढ झाला म्हणजे अपील संपले.

आम्ही पंचवीसहून अधिक वर्षे महाविद्यालयात शिकवीत आहो. पहिल्या वर्षाच्या वर्गास आम्ही अनेकदा विचारले आहे की, तो कागद कोणी पाहिला? प्रश्नच चमत्कारिक वाटून मुले एकमेकांकडे पाहतात. उत्तर असे आहे की, असा कागद आज कोणत्याही दप्तरात उपलब्ध नाही. पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध केले. मराठी राज्याच्या कारभाराचा केवढा तरी तपशील त्यांत आहे, पण हे अक्षर नाही. रियासतकारांसारख्या माणसानेही या आरोपास समकालीन आधार नसल्याचे स्पष्ट म्हटले. गोष्ट छापील इतिहासात ठळकपणे येते ती ग्रँट डफच्या १८२६ च्या ग्रंथात, म्हणजे खुनानंतर ५३ वर्षांनी. आणि तोही काय म्हणतो? आनंदीबाईने अक्षर बदलले असे सर्वत्र समजले जाते, असे तो म्हणतो. ‘समजले जाते’ याला कोणत्या न्यायालयात साक्ष म्हणतात, हे आमच्या त्या वकील स्नेह्यांनी आम्हांस समजावून द्यावे.

आता कागद क्षणभर खरा मानू. तरी गोष्टीचे पाऊल पुढे पडत नाही. ज्याने आज्ञा लिहिली तो परगावी असता आणि ज्यांनी पाळली ते दूर असते, तर एका अक्षराने माणसाचा जीव गेला हे पटण्यासारखे होते. येथे तर सारे एका वाड्यात आहेत. नारायणराव धावत चुलत्याकडे गेला, त्यास त्याने मिठी मारली, आणि तेथून तुळाजी पवाराने ओढून काढल्यावर सुमेरसिंग गारद्याने त्यास मारले. चापाजी टिळेकर हा इमानी सेवक धन्याच्या अंगावर पडला तोही मेला. म्हणजे ज्याची आज्ञा होती तो पुतण्याच्या हातभर अंतरावर उभा होता. कित्येक कथनांत असेही येते की, दादासाहेबांनी त्या क्षणी पोरास सोडण्यास सांगितले आणि सुमेरसिंगाने ऐकले नाही. असे असेल तर समोर उभ्या धन्याचा तोंडचा शब्द ज्यांनी झुगारला, त्या गारद्यांनी कागदावरल्या एका अक्षरास मात्र वेदवाक्य मानले, असे आपणांस मानावे लागते. आणि दादासाहेब काहीच बोलले नसतील, तर मग अक्षराची गरजच काय उरली? दोहोंपैकी कोणताही पक्ष घ्या, ‘मा’ निरुपयोगी ठरतो.

कट पिकत होता हे तर वाड्याबाहेरही ठाऊक झाले होते. आमच्या कुलाब्याचे रघुजी आंग्रे त्या वेळी पुण्यास होते. त्या दिवशी सकाळी त्यांनी पेशव्यास सावध केले, असे इतिहासकार नमूद करतात. पेशव्याने बंदोबस्ताचे हरिपंत फडक्यांस सांगितले आणि हरिपंत जेवावयास गेले. मराठेशाहीच्या इतिहासात जेवणवेळेने किती घात केले याचा एक स्वतंत्र प्रबंध व्हावा, असो. मुद्दा असा की, पाहुण्या आंग्र्यांपर्यंत जी बातमी पोचली होती ती मारण्याच्या बेताची होती. बेत अगोदरच मारण्याचा होता, तर एका रात्रीत दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बसून अक्षर बदलणाऱ्या बाईची आवश्यकता काय?

परंतु सर्वांत बळकट मुद्दा पुढेच आहे. या प्रकरणाचा न्याय झाला होता, आणि तो आपल्या इतिहासातील सर्वांत निःस्पृह न्यायाधीशाने केला होता. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोष ठेवला तो रघुनाथरावांवर, आणि पेशवेपदावर बसलेल्या त्या माणसास तोंडावर सांगितले की, या पातकास देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही. मग पद सोडून ते वाईच्या बाजूस निघून गेले. या निवाड्याचा अभिमान मराठी माणूस उठता बसता सांगतो. मग त्या निवाड्यात जिला शिक्षा नाही, जिच्यावर देहान्त प्रायश्चित्ताचा उच्चार नाही, तिला आपण कोणत्या अधिकाराने अडीचशे वर्षे फाशी देत आलो आहो? रामशास्त्र्यांनी मूळ कागद पाहिला आणि त्यात ‘धरावे’ असे होते, ही कथा मान्य करणारांनी तर अधिकच विचार करावा. शास्त्रीबोवांनी ते पाहूनही नवऱ्याचे पातक हलके केले नाही. हलके आपण केले! ‘ध’चा ‘मा’ ही कथा ऐकणाऱ्याच्या मनावर शेवटी परिणाम काय करते? दादासाहेब बिचारे भोळे, त्यांस केवळ धरावयाचे होते. घात केला तो बायकोने. राघोभरारीचा पराक्रमी वीर खुनी म्हणून पचवणे समाजास जड गेले, म्हणून दोष माजघराकडे सरकवला. घरोघरी हेच चालते. मुलगा वेगळा निघाला की सून कपाळकरंटी. भावाभावांत वाटणीचा दावा लागला की जावाजावांचे कारस्थान. ‘भाऊबंदकी’ हा शब्द भावांचा आहे, पण तिचा भुर्दंड आपण बायकांकडून वसूल करतो.

शब्द आला म्हणून त्या नावाच्या नाटकाविषयी लिहिणे प्राप्त आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ १९०९ मधले. नाटक म्हणून ते भक्कम आहे, याविषयी आमचा वाद नाही. त्यातील रामशास्त्री ऐकताना आजही अंगावर रोमांच उभे राहतात. पण त्यातली आनंदीबाई शनिवारवाड्यातून आलेली नाही, ती स्कॉटलंडातून आलेली आहे. शिवराम महादेव परांजप्यांनी ‘मॅक्बेथ’ चे ‘मानाजीराव’ केले त्या काळातील सारी इंग्रजी शिकलेली पिढी लेडी मॅक्बेथने भारून गेली होती. तिला मराठी इतिहासात ती बाई शोधावयाची होती आणि तयार मिळाली. आम्ही त्याच विद्येवर पोसलेले असल्याने हा मोह आम्हांस चांगला ठाऊक आहे. पुढे १९४४ मध्ये प्रभातने ‘रामशास्त्री’ काढला. गजानन जागीरदारांचा शास्त्री आणि ललिता पवारांची आनंदीबाई ज्यांनी पाहिली त्यांना दप्तराची गरजच उरली नाही. नाटककाराने कल्पना करावी, तो त्याचा हक्क आहे. प्रेक्षकाने तिचा दाखला म्हणून उपयोग करू नये. फ्रेंच चित्रपटातील सरकारी वकील बाईची कादंबरी पुराव्यात आणतो तेव्हा आपणांस हसू येते. आपण स्वतः दुसऱ्याचे नाटक पुराव्यात आणतो तेव्हा मात्र येत नाही.

आणि आता आमच्या मते या प्रकरणाचा जो गाभा आहे त्याकडे येतो. आरोप काय आहे ते पुन्हा पाहा. आनंदीबाईने विष घातले असे कोणी म्हणत नाही, मारेकरी आणले असे म्हणत नाही. तिने एक अक्षर लिहिले, असा आरोप आहे. ओकांची ही लेक लिहू वाचू शकत होती, कारभारात लक्ष घालीत होती, नवऱ्याच्या राजकारणात सल्ला देत होती. ज्या काळात बहुसंख्य बायकांच्या हाती लेखणी नव्हती त्या काळात हिच्या हाती ती होती, आणि तीच हत्यार ठरली. निरक्षर बाईवर हा आरोप करताच आला नसता! सान्द्राचीही गोष्ट हीच. ती लिहिते, म्हणून तिच्या मनात काय आहे हे कळते. आणि कळते, म्हणून ती गुन्हेगार. एकोणिसाव्या शतकात बायकांस अक्षरओळख दिली तर घरावर संकट येते अशी जी समजूत आपल्याकडे होती, तिच्याशी सावित्रीबाई फुल्यांस झगडावे लागले; रमाबाई रानड्यांस तर सासरच्या बायकांचा जाच केवळ वाचते म्हणून सोसावा लागला, आणि तो त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. लेखणी धरलेल्या बाईच्या भीतीस ‘ध’चा ‘मा’ या तीन अक्षरांइतके सोपे रूप दुसऱ्या कोणी दिले नसेल. आजी नातीस ही गोष्ट सांगते तेव्हा ती इतिहास सांगत नसते.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की, आम्ही आनंदीबाईस साध्वी ठरवू पाहतो. मुळीच नाही. ती महत्त्वाकांक्षी होती, आपल्या नवऱ्यास आणि पुढे मुलांस गादी मिळावी असे तिला वाटत होते. पेशवाईच्या वाड्यात असे न वाटणारे माणूस कोण होते, हे आक्षेपकांनी नावानिशी सांगावे. कटाची तिला गंधवार्ताही नव्हती असे आम्ही म्हणत नाही. तिने ते अक्षर बदलले याला पुरावा नाही, एवढेच म्हणतो. आणि पुरावा नसेल तेथे सिद्ध झाले नाही असे म्हणून थांबण्यास जे मानसिक बळ लागते ते अंगी आणावे असे म्हणतो. दुसरा आक्षेप, लोकश्रुतीत काही तथ्य असतेच. असते. पण ते बहुधा ज्याच्याविषयी श्रुती असते त्याचे नसून ज्यांच्या तोंडी ती असते त्यांचे असते. १९५९ च्या नानावटी खटल्यात पंचांनी आठ विरुद्ध एक अशा मताने आरोपीस निर्दोष ठरवले, तेही लोकमतच होते. उच्च न्यायालयाने ते फिरवले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली.

हे सारे अठराव्या शतकाचे उकरणे कशाला, असे कोणी म्हणेल, तर आमच्या जिल्ह्याचीच हकीकत सांगतो. विनोबांचे जन्मस्थान म्हणून ज्याचे नाव सर्वांस ठाऊक त्या पेण तालुक्यातील गागोदे परिसराच्या रानात २३ मे २०१२ रोजी एका मनुष्याचे जळालेले अवशेष सापडले. त्यावरून तीन वर्षे खुनाचा गुन्हा नोंदला गेला नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत अटका झाल्या, ते अवशेष शीना बोरा या तरुणीचे असल्याचा आरोप पुढे आला, आणि तिच्या आईवर खुनाचा खटला उभा राहिला. हाडांविषयी, नमुन्यांविषयी, त्या तीन वर्षांच्या मौनाविषयी किती लोकांनी प्रश्न विचारले? उलट त्या बाईची लग्ने किती, ती श्रीमंत कशी झाली, ती हसते कशी, याचा काथ्याकूट महिनोन् महिने चालला. घरातील माणसांची चोरून मुद्रित केलेली संभाषणे दूरचित्रवाणीवर ऐकवली गेली, अगदी त्या फ्रेंच कोर्टातल्याप्रमाणे, फरक एवढाच की येथे न्यायाधीश हजर नव्हते. २०२४ मध्ये निकालापूर्वीच त्यावर मालिकाही निघाली. ती बाई दोषी की निर्दोष, याविषयी आम्हांस एक अक्षरही म्हणावयाचे नाही. ते न्यायालयाचे काम. पण पेणच्या रानातले प्रश्न सोडून सर्वांनी जो बाईचा स्वभाव चघळला, तो चघळण्याची सवय आपणांस शनिवारवाड्याने लावली, असे आम्ही म्हणतो.

शनिवारवाड्याचे भूत ‘काका, मला वाचवा’ म्हणून ओरडते असे पुण्यास येणाऱ्या पाहुण्यांस सांगतात. भुतानेही बोट काकाकडेच दाखवले आहे, हे सांगणारांच्या ध्यानात येत नाही. खुनानंतरचे आनंदीबाईचे आयुष्य मात्र कोणी सांगत नाही. बारभाईंनी दादासाहेबांविरुद्ध उठाव केला. एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर नारायणरावाच्या विधवेस, गंगाबाईस, मुलगा झाला आणि राघोबाचा पक्ष ढासळला. पुढल्या जानेवारीत ते सुरतेच्या इंग्रजांशी तहाची बोलणी करीत असता आनंदीबाई धारेस बाळंत झाली. तो मुलगा दुसरा बाजीराव. १७८३ मध्ये कोपरगावास नवरा वारला तेव्हाही ती गरोदर होती. मग नाशिकजवळ गंगेच्या काठी, जेथे तिच्या नावाची आनंदवल्ली आहे तेथे, नाना फडणिसांच्या नजरेखाली तिने वैधव्य काढले आणि १७९४ मध्ये ती वारली. दहा वर्षे ती शत्रूच्या पहाऱ्यात होती. नाना हे पुरावा हाती असता तो न वापरण्याइतके उदार नव्हते. एका अक्षराचा दाखला त्यांजपाशी असता तर तो कोठे ना कोठे उमटला असता.

ज्या कोणा तरुण नाटककारास हा खटला पुन्हा रंगभूमीवर आणावयाचा असेल, त्यास आमची सूचना आहे की, त्याने खाडिलकर बाजूस ठेवून प्रथम साक्षीदारांची यादी करावी. रघुजी आंग्र्यांस बोलवावे आणि बातमी कोणाकडून कळली ते विचारावे. हरिपंतांस जेवणास किती वेळ लागला ते विचारावे. सुमेरसिंगास मोडी वाचता येत होती काय, हे विचारावे. दादासाहेबांस मिठी सुटेपर्यंत ते काय बोलले, हे विचारावे. आणि मग आनंदीबाईस पिंजऱ्यात उभे करावे. तिची जबानी आम्ही आजवर कोठेही वाचलेली नाही.